बोलण्याला काम हवे

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधचा तलाव कुणी बांधला, असे गावात विचारले की एकच नाव पुढे येते: कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या माणसाने डोंगरांमधल्या वाटा पाळ घालून अडवल्या आणि दहा-अकरा चौरस किलोमीटर पाणी उभे केले, असे लोक सांगतात. पुढे लोकांनीच त्याला देव केले. तो कोलासूर झाला आणि तलावाकाठच्या टेकडीवर त्याचे ठाणे बसले. भोवतालचे सात डोंगर म्हणजे सात बहिणी. पाळ बांधताना त्यांनी हातभार लावला, अशी कथा आहे. इतिहासाच्या पेपरात एवढेच लिहिले तर गुण मिळणार नाहीत. पण या कथेने काय काय धरून ठेवले आहे, ते पाहण्यासारखे आहे. बांधणाऱ्याचे नाव, त्याची जात, काम एकट्याचे नव्हते ही आठवण आणि डोंगर हेच पाळीचे खरे आधार आहेत ही जागेची समज, हे सगळे तीनशे वर्षे तोंडातून तोंडात आले. तलाव बांधणे हे भक्तीचे काम नव्हे, ते हिशेबाचे काम आहे. पाणलोट किती, माती कोणती, पाळ किती रुंद, पाणी सोडायचे तुडूम कुठे, जादा पाण्याला सांडवा कुठून, पाणी आधी कुणाच्या धानाला, या साऱ्याचा हिशेब कोहळ्यांनी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकाविना केला. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. ते बांधणाऱ्यांचे विद्यालय कोणते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच आहे: पाळीवर उभे राहून केलेले बोलणे.

शिक्षणात मौखिक परंपरेचे आणि बोलून व्यक्त होण्याचे मोल काय, या प्रश्नावर आपल्याकडे साधारणपणे दोन बाजू दिसतात. एका बाजूला ही परंपरा म्हणजे ठेवा आहे. तो जपावा, त्याचे संग्रह काढावेत, स्नेहसंमेलनात एक लोकगीत, एक दंडार बसवावी, असे त्या बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते की शाळा लिहिण्यावाचण्यासाठी असते, बोलायला तर मूल घरीच शिकते. वरवर या दोन बाजू एकमेकींच्या विरोधात दिसतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. बोलणे हे शिकण्याचे साधन आहे, असे दोघींनाही वाटत नाही. एकीला ते कपाटात ठेवायचे आहे, दुसरीला ते उंबऱ्याबाहेर ठेवायचे आहे. झाडीपट्टीचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा पुरावा मात्र तिसरेच काही सांगतो. बोललेले ज्ञान निमित्तावर जगते. त्याला काम असते तोवर ते टिकते, सुधारते, नव्या पिढीत उतरते. काम सुटले की संग्रह कितीही झाले तरी ते हातून जाते. म्हणून शाळेने बोलण्याची जपणूक करण्यापेक्षा मुलांच्या बोलण्याला काम द्यावे, हा या लेखाचा मुद्दा आहे.

सुरुवात तलावांपासूनच करू. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि 1951 पासून तलाव सरकारजमा होऊ लागले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. पण त्या फेरबदलात तलावाचा कारभार गावातून कचेरीत गेला आणि गावाला तलावाविषयी बोलत राहण्याचे कारण उरले नाही. पूर्वी पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाण्याची पाळी ठरवणे यासाठी माणसे जमत. भांडत, जुने दाखले देत, म्हाताऱ्यांना विचारत. ते जमणे हाच तरुणांचा वर्ग होता. जमणे थांबले तसे शब्दही झिजले. तुडूम म्हणजे काय हे आज धानपट्ट्यातल्या मुलालाही समजावून सांगावे लागू शकते. याची उलट बाजूही नवेगावच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिसते. इथल्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या स्त्रियांनी अलीकडच्या वर्षांत तलाव सुधारण्याचे काम हाती घेतले. तलावात माजलेली बेशरम उपटून काढायची, देशी मासे ज्यांच्या आधाराने अंडी घालतात त्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, असे ते काम. कोणती वनस्पती किती पाण्यात तगते आणि कोणता मासा तिच्याजवळ येतो, हे ज्ञान समाजातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात होते. ते विचारण्याची गरज पडली तेव्हा ते पुन्हा वर आले. गरज पडेपर्यंत ते कुणी मागितले नव्हते आणि कुणी दिलेही नव्हते.

हेच दोन मौखिक कलांच्या नशिबात पाहता येते. जात्यावरच्या ओव्यांचा महाराष्ट्रातला सर्वात मोठा संग्रह पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केला. हजारभर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. काम अजोड आहे. पण त्या जमत होत्या तेव्हाच गावोगाव पिठाची गिरणी आली होती. पहाटेचे दळण संपले, दोन बायकांनी समोरासमोर बसून एकीच्या ओवीला दुसरीने ओवी जोडण्याचा प्रसंग संपला, आणि नव्या ओव्या रचल्या जाणे जवळजवळ थांबले. स्त्रियांच्या पाठीवरचे ओझे उतरले याचा आनंदच मानायचा. पण गिरणीने दळण हलके केले तसे त्या बायकांच्या बोलण्याला दुसरे ठिकाण कुणी दिले नाही. दुसरीकडे झाडीपट्टीची रंगभूमी पाहा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक असते. कापणी झालेल्या बांध्यांत मंडप पडतो, खेळ उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या नाटक कंपन्यांचे माहेरघर. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांच्या अंगणात वाढलेली ही रंगभूमी तिकीट लावून चालते, सरकारी अनुदानाच्या आधाराने नव्हे. तिच्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला. मंडई राहिली म्हणून नाटक राहिले. दोन्ही कला तोंडीच होत्या. एकीचा प्रसंग गेला, दुसरीचा टिकला.

गोंडी परंपरेतले उदाहरण आणखी बोलके आहे. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका परधानाच्या तोंडून, गोंडांचा धर्मगुरू मानल्या गेलेल्या लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. हिस्लॉप 1863 मध्ये वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली आणि ते गीत जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. छापील प्रत दीडशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथालयात आहे. पण लिंगो आणि जंगो रायताड देवी यांची कथा गोंड समाजात जिवंत राहिली ती त्या प्रतीमुळे नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्याच सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला हजारो लोक जमतात, आणि कथा तिथे सांगितली जाते. कुणाला तरी, काही तरी कारणाने. परधान हा गोंडांचा केवळ गायक नव्हता. वंशावळ, सगोत्र कोण, कुणाशी सोयरीक जुळते, हे त्याच्या स्मरणावर ठरे. चूक झाली तर ऐकणाऱ्या घराला ती लगेच कळे. छापील पानाला असा टोकणारा श्रोता नसतो.

या टोकणाऱ्या श्रोत्याकडे नीट पाहायला हवे, कारण मौखिक परंपरेचे शैक्षणिक बळ तिथे आहे. लिहिणारा माणूस वाचकाला न पाहता लिहितो. बोलणाऱ्याला समोरच्या चेहऱ्यावरून कळते की उदाहरण कमी पडले, की मुद्दा सुटला, की लोक कंटाळले. गाडगेबाबांनी हे बळ ओळखले होते. अक्षरओळख नसलेला हा माणूस कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारायचा अधिक. प्रश्न टाकायचा, समोरच्यांकडून उत्तर काढायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरे कापावे का, पोर शाळेत घालावे का, या प्रश्नांवर हजारोंचा समुदाय स्वतःच्या तोंडाने निष्कर्षाला येई. वर्गात शिक्षक बोलतो आणि चाळीस मुले ऐकतात, त्याला आपण सवयीने मौखिक अध्यापन म्हणतो. कीर्तनातला निरक्षर श्रोता त्या वर्गातल्या मुलापेक्षा जास्त बोलत होता.

याला संशोधनाचा आधार आहे, आणि तो गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या दिशांनी जमला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आता अभिजात मानला जातो. विक्री करताना त्यांचे तोंडी हिशेब 98 टक्के बरोबर येत. तीच गणिते कागदावर, शाळेच्या पद्धतीने दिली तर जेमतेम 37 टक्के. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांतल्या मुलांबाबत हेच दाखवले, आणि उलटही दाखवले: शाळेत चांगली गणिते सोडवणारी मुले बाजारातला हिशेब करताना अडखळली. म्हणजे दोष मुलांच्या बुद्धीत नाही, दोन जगांमध्ये पूल नाही. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाय लोकांवर केलेले काम 1981 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्या लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर शिकली जाते. नुसते लिहिता-वाचता आल्याने माणसाची विचारशक्ती सरसकट बदलते, असे त्यांना आढळले नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली त्या कामातले कौशल्य वाढले. तोंडी ज्ञानाप्रमाणे लेखी ज्ञानही कामावरच वाढते, असा याचा अर्थ. आणि इंग्लंडमध्ये रॉबिन अलेक्झांडर यांच्या संवादी अध्यापनाची सुमारे पाच हजार मुलांवर चाचणी झाली, तिचा 2017 चा अहवाल सांगतो की ज्या वर्गांत मुलांना कारणे देऊन बोलायला लावले, ती मुले इंग्रजी आणि विज्ञानात इतरांपेक्षा सुमारे दोन महिने पुढे होती. मोजमाप लेखी चाचणीने झाले होते. बोलण्याचा फायदा लिहिण्यात दिसला.

आता आपल्या वर्गाकडे या. नवेगाव परिसरातले मूल घरून झाडीबोली घेऊन येते, कुठे गोंडी, कुठे हलबी किंवा पोवारी. झाडीबोलीत ण, ळ, श हे वर्ण नाहीत: डोळ्याला डोरा, काळ्याला कारा, पाण्याला पानी. पहिलीतले मूल चित्राकडे बोट दाखवून ‘डोरा’ म्हणते. उत्तर बरोबर आहे. त्याने चित्र ओळखले, नाव सांगितले. शिक्षक म्हणतो, ‘डोरा नाही, डोळा.’ मुलाच्या कानाला दोन गोष्टी ऐकू येतात: एक, उच्चार वेगळा आहे; दुसरी, मी चुकलो. पहिली शिकण्याची गोष्ट आहे, दुसरी गप्प बसण्याची. असे दहा वेळा झाले की मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही, आणि मग आपण म्हणतो की खेड्यातल्या मुलांना बोलता येत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश आणि साहित्य चळवळ उभी केली, तेव्हा ही बोली म्हणजे मराठीचा बिघाड नव्हे, तिला स्वतःचे नियम आहेत, हे त्यांना आधी सिद्ध करावे लागले. 2009 चा शिक्षणहक्क कायदा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे म्हणतो. 2020 चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. कागदावर अनुमती आहे. पण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

परीक्षेने बोलण्याला काय किंमत दिली, याचा धडा दहावीच्या निकालाने दिला आहे. भाषा विषयांत तोंडी व अंतर्गत परीक्षेचे 20 गुण असत. ते 2019 च्या परीक्षेपुरते काढले आणि राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. या चढउताराला इतरही कारणे असतील. पण तेव्हाच्या चर्चेत एक बाजू हे गुण म्हणजे खिरापत म्हणत होती, दुसरी बाजू गरीब मुलांचा आधार म्हणत होती. त्या 20 गुणांत मूल नेमके काय बोलते, हे विचारणारे फार थोडे होते. खिरापत ही टीका खरी असेल तर उपाय तोंडी परीक्षा काढून टाकणे हा नव्हे. ती खरीखुरी घेणे हा आहे. तोंडी कौशल्य मोजता येत नाही, हा आक्षेप इथेच निकाली निघतो. मुलांची शैक्षणिक पातळी मोजणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचे स्वयंसेवक 2005 पासून दारोदार जाऊन एकेका मुलासमोर बसतात, त्याला वाचायला लावतात आणि ऐकून त्याची पातळी ठरवतात. ऐकून वाचन मोजता येते, तर ऐकून एखाद्या मुद्द्याची मांडणीही मोजता येईल: कारण दिले का, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून उत्तर दिले का, उदाहरण नेमके होते का. परीक्षकाला थोडे प्रशिक्षण लागेल, एवढेच.

मौखिक परंपरा म्हणजे घोकंपट्टी, हा दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे पाठ असे आणि चुकले की छडी. ही टीका खरी आहे आणि ती विसरू नये. पण त्या पाढ्यांचे दुसरे टोक बाजारात होते: सव्वा शेर, अडीच पायली, औट हात, हे शब्द रोज कामी येत. पाठांतर निरुपयोगी ठरले ते पाढ्याचे काम गेले तेव्हा. उलट आजची घोकंपट्टी बहुतांशी लेखी आहे. मार्गदर्शिकेतले उत्तर तसेच्या तसे कागदावर उतरवणे ती शिकवते. घोकणे तोंडी की लेखी, हा मुद्दा गौण आहे. घोकलेले कुठे वापरायचे आहे का, हा मुद्दा आहे. झाडीपट्टीचा नट संवाद पाठच करतो, पण समोर हजार माणसे बसली आहेत आणि नाटक पडले तर पुढच्या मंडईचे आमंत्रण येणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे, आणि तो गौरवाच्या भाषेने टाळता येत नाही. या देशात लेखणी काहींच्याच हातात होती. ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्याकडे मौखिक परंपरा उरली, ती निवड म्हणून नव्हे, बंदी म्हणून. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांनी शिकण्यावर दिलेला भर ही त्या बंदीविरुद्धची लढाई होती. मग आता बहुजनांच्या मुलांना पुन्हा बोलीचे आणि लोककथेचे कौतुक सांगणे म्हणजे त्यांना मागे ढकलणे नव्हे का? शिवाय लोककथांत आणि म्हणींत जातीचा तिरस्कार आणि स्त्रीचा दुस्वासही भरपूर आहे. हे दोन्ही मान्य. परंतु फुल्यांनीच स्वतःचे म्हणणे सांगायला कोणते आकार निवडले ते पाहावे. 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक, 1869 मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा. पुढे सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले. लेखणीचे मोल सर्वात जास्त जाणणाऱ्यांनीच तोंडी रूपाला काम दिले, आणि तेही परंपरेतला अन्याय उघड करण्याचे. परंपरेचा आशय आणि परंपरेची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आशय तपासून घ्यावा, नाकारावाही. प्रश्न करण्याची, ऐकून उत्तर देण्याची, समोरच्याला पटवण्याची रीत मात्र मुलांच्या हाती द्यावी. तिच्यानेच तो आशय नाकारताही येतो.

तोंडी आणि लेखी यांचे नाते कसे असावे, याचा नमुना नवेगावनेच दिला आहे. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी म्हणून राहिले. गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडून आणि रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, माशांची, झाडांची नावे आणि सवयी ऐकल्या. ‘नवेगावबांधचे दिवस’ त्या ऐकण्यातून आले आणि पुढचा ‘पक्षिकोश’ही. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, असे नेमके शब्द मराठीला त्यांच्याकडून मिळाले. संस्कृतचा अभ्यास आणि रानातले बोलणे या दोन्हींशिवाय ते काम झाले नसते. यात बोललेले खाली आणि लिहिलेले वर, अशी उतरंड नाही. ऐकणारा शिकलेला होता म्हणून त्याला काय विचारावे ते कळले, आणि सांगणारे जाणते होते म्हणून उत्तर मिळाले. 2006 मध्ये चितमपल्ली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगणाऱ्यांची नावे मात्र त्यांच्या पुस्तकांबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत. त्या नावांसाठी तरी शाळेने ही रीत पुढच्या पिढीत चालवायला हवी.

वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. अभ्यासक्रम मोठा, कामे अनेक, दोन इयत्ता एका खोलीत. पण इथे नवा विषय घालायचा नाही, आहे त्या विषयाचे टोक बदलायचे आहे. भूगोलात जलसिंचनाचा भाग येतो. नवेगावच्या शाळेतली मुले तो वाचून प्रश्नांची उत्तरे लिहितात. त्याऐवजी त्यांनी चार गटांनी पाळीवर जावे, शेतकऱ्याला पाण्याची पाळी विचारावी, ढीवराला माशांचे विचारावे, वनरक्षकाला पाखरांचे, म्हाताऱ्यांना कोलू पाटलाचे. परत येऊन प्रत्येक गटाने बाकीच्यांना सांगावे आणि त्यांचे प्रश्न घ्यावेत. सांगणे झाडीबोलीत झाले तरी चालेल, लिहिणे प्रमाण मराठीत व्हावे. दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या कथा सांगितल्या तर कोणती का मानायची, यावर वाद व्हावा. इतिहासाची पद्धत मुलाला त्या वादात पहिल्यांदा कळेल. आणि वर्षातून एकदा, ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल त्या दिवशी, त्या मुलांना पाच मिनिटे द्यावीत. गाळ किती साचला, तुडूम कुठे गळते, बेशरम कुठवर पसरली, हे त्यांनी उभे राहून सांगावे. मोठी माणसे टोकतील, एखादा आकडा चुकीचा निघेल, एखादी मुलगी अडखळेल आणि पुन्हा सुरू करेल. त्या पाच मिनिटांसाठी ती मुलगी आठवडाभर तयारी करील, आकडे लिहून आणील, शब्द तोलील. तलावावर पुन्हा बोलणे सुरू होईल, आणि यावेळी त्या बोलण्याच्या हातात वहीही असेल.